कराटे : एक खेळ, एक संघटना हे ठीक; पण एकत्र आणायचे नेमके काय?

जुना_ब्राउनबेल्ट (धागाकर्ता)

गेल्या रविवारी कपाट आवरताना मुलीची प्रमाणपत्रांची फाइल हाती आली. प्लास्टिकच्या कप्प्यांत एकूण अकरा प्रमाणपत्रे होती. त्यांपैकी चारांवर ठळक अक्षरांत 'राष्ट्रीय कराटे अजिंक्यपद स्पर्धा' असे छापलेले आहे, आणि त्या चारही 'राष्ट्रीय' स्पर्धा चार वेगवेगळ्या संघटनांनी घेतलेल्या आहेत. एकावर तर तीन बोधचिन्हे आहेत आणि अध्यक्ष म्हणून सही करणारे गृहस्थ दुसऱ्या एका प्रमाणपत्रावर तांत्रिक संचालक म्हणून हजर आहेत. मुलगी यंदा दहावीला आहे. शाळेतील क्रीडाशिक्षकांनी चारही कागद उजेडाकडे धरून पाहिले आणि अत्यंत सौजन्याने परत केले. क्रीडागुणांसाठी यांतला एकही उपयोगाचा नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

हा धागा मुलीच्या गुणांसाठी काढलेला नाही. ती दहावी सहज पार करेल. प्रश्न असा पडला की देशभर गल्लोगल्ली शिकवला जाणारा हा खेळ राष्ट्रीय पातळीवर एका छत्राखाली का येत नाही. २०१९ मध्ये 'कराटे असोसिएशन ऑफ इंडिया'च्या निवडणुकीवरून वाद पेटला, २०२० मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेने तिची मान्यता काढली आणि त्याच वर्षी जागतिक कराटे महासंघानेही तोच मार्ग धरला. पुढे 'कराटे इंडिया ऑर्गनायझेशन' ही नवी संस्था जागतिक महासंघाची भारतातील सदस्य झाली. ज्या काळात ही उलथापालथ चालली होती, त्याच काळात कराटे इतिहासात प्रथमच ऑलिम्पिकमध्ये खेळले जायचे होते. टोकियोत ऑगस्ट २०२१ मध्ये बुडोकान सभागृहात आठ सुवर्णपदके दिली गेली. मैदानात उतरलेल्यांत भारताचा एकही खेळाडू नव्हता. वाद नसता तर पदक मिळाले असते असे मी म्हणणार नाही, कारण तेथे जगभरातून सर्व गटांत मिळून फक्त ऐंशीच्या आसपास जागा होत्या. परंतु पात्रता फेऱ्यांच्या तयारीच्या काळात आपल्या खेळाडूंना आपली निवड चाचणी कोणती, हेच ठामपणे सांगता येऊ नये, याचे दुःख वाटते.

माझे मत थोडक्यात असे आहे. आपल्याकडे 'एकीकरण' हा शब्द उच्चारला की लोक शैलींच्या भांडणाकडे बोट दाखवतात. शोतोकानवाले असे, गोजूवाले तसे, शितोवाल्यांचे काते, म्हणजे एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींचे क्रम, तेच वेगळे. मला वाटते की भांडण शैलींचे नाहीच. भांडण पट्ट्याची परीक्षा आणि प्रमाणपत्र कोणी विकायचे, याचे आहे. जाणकारांनी आपापला अनुभव लिहावा.

पंच_कोपरा

आपला मुद्दा बहुतांशी पटतो. मी अनेक वर्षे जिल्हा आणि राज्य पातळीवर पंच म्हणून उभा राहिलो आहे, म्हणून शैलींविषयी आधी लिहितो.

स्पर्धेच्या अंगाने पाहिले तर शैलींचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. जागतिक महासंघाच्या मान्य कात्यांच्या यादीत शोतोकान, शितो-र्यू, गोजू-र्यू आणि वादो-र्यू या चारही प्रमुख शैलींचे काते आहेत, आणि त्यांतील कोणताही काता खेळाडू निवडू शकतो. कुमितेत, म्हणजे दोघांच्या झुंजीत, तर शैली विचारतच नाही कोणी. आठ मीटर चौरसाचे मॅट, एक लाल पट्ट्याचा आणि एक निळ्या पट्ट्याचा, ठोशाला एक गुण, पोटावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन. तोल जाऊन पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर नेमका घाव मांडला तरी तीन. कोल्हापूरचा मुलगा आणि इंफाळची मुलगी यांना हे नियम सारखेच पाठ असतात.

खरी अडचण आहे ती 'नियंत्रण' या कल्पनेची, आणि इथे मात्र एकीकरणाची मर्यादा स्पष्ट दिसते. टोकियोच्या ७५ किलोवरील गटाचा अंतिम सामना ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी आघाडीवर होता. त्याने मारलेली लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेजवळ इतकी जोरात बसली की तो जागीच बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. बॉक्सिंगमध्ये हा क्षण विजयाचा ठरला असता. कराटेत पंचांनी हमेदीला बाद केले आणि शुद्धीवर आलेल्या गंजजादेहला सुवर्णपदक मिळाले. आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी त्या दिवशी फोन करून 'हा कसला न्याय' असे विचारले. मी म्हणतो, न्याय तोच होता. लाथ डोक्यापर्यंत पोहोचवायची आणि कातडीला स्पर्श होताच ती आवरायची, हेच या खेळाचे सगळे कसब आहे. ज्याला ती आवरता आली नाही, तो त्या क्षणी कराटे खेळत नव्हता.

आता क्योकुशिनवाल्यांना हे कसे पटावे? त्यांची सारी परंपराच पूर्ण ताकदीच्या आघातावर उभी आहे. त्यांना या नियमांखाली आणणे म्हणजे हुतूतूच्या संघाला खो-खोच्या मैदानावर उतरवण्यासारखे आहे. त्यांनी वेगळे राहावे, स्वतःच्या स्पर्धा घ्याव्यात. फक्त त्या स्पर्धांना ऑलिम्पिक प्रकारातील राष्ट्रीय स्पर्धा म्हणू नये, एवढीच अपेक्षा.

योकोहामाचा_पाहुणा

नोकरीनिमित्त बरीच वर्षे जपानात आहे आणि मुलांच्या निमित्ताने स्थानिक डोजोत, म्हणजे कराटेच्या शाळेत, जाणे होते. भारतात या विषयावर बोलताना 'जपानमध्ये सगळे एकसंध आहे, आपल्याकडेच गोंधळ' असा सूर लागतो. तो अर्धाच खरा आहे.

मुळात कराटे ओकिनावाचे. जपानच्या मुख्य भूमीवर ते रुजले १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवल्यानंतर. पुढे २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा शहरात ओकिनावाचे नामवंत गुरू एका बैठकीत जमले. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो नावाचा : 'चिनी हात' असा अर्थ असलेली जुनी लिपिचिन्हे ठेवायची की 'रिकामा हात' अशी नवी चिन्हे घ्यायची. 'रिकामा हात' ठरले. एका नावावर एकमत व्हायलाही बैठक घ्यावी लागली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ओकिनावात तो दिवस आता कराटे दिन म्हणून पाळतात.

जपानचा राष्ट्रीय महासंघ १९६४ मध्ये उभा राहिला, म्हणजे फुनाकोशींच्या त्या प्रात्यक्षिकानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळाने. त्याने शैली विसर्जित केल्या नाहीत. शैलींच्या सहा मोठ्या संघटना महासंघाच्या सहयोगी म्हणून आजही स्वतंत्र उभ्या आहेत, आणि दुसऱ्या बाजूने सर्व ४७ प्रांतांच्या संघटना महासंघात आहेत. परिणाम असा की इथे माणसाकडे दोन प्रकारचे डान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या श्रेणी, असू शकतात : एक त्याच्या शैलीच्या संघटनेने दिलेला आणि दुसरा महासंघाने मान्य केलेला. मुलांच्या डोजोतील शिक्षकांच्या भिंतीवर दोन्ही प्रमाणपत्रे शेजारी शेजारी टांगलेली आहेत. त्यांना मी एकदा विचारले की यांतले खरे कोणते. त्यांना प्रश्नच कळला नाही. एक घराण्याचे आणि एक खेळाचे, असे काहीसे उत्तर त्यांनी दिले. आपल्याकडे गाण्यात नाही का, किराणा घराण्याचा गायक आकाशवाणीची श्रेणीही मिळवतो, तसेच हे.

आणि भांडणे? मुख्य प्रशिक्षक नाकायामा मासातोशी १९८७ मध्ये गेले आणि त्यांच्यामागे जपान कराटे असोसिएशन ही शोतोकानची सर्वांत प्रतिष्ठित संघटना दुभंगली. दोन्ही गट तेच नाव लावत होते आणि खटला १९९९ पर्यंत चालला. हरलेल्या गटाने नंतर वेगळ्या नावाने संघटना काढली. म्हणजे शिस्तीचे माहेरघर मानल्या गेलेल्या देशातही वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या. फरक इतकाच की त्या काळात राष्ट्रीय संघाची निवड थांबली नाही, कारण निवड करणारी यंत्रणा त्या संघटनेच्या बाहेर होती.

कलम_बाविसावे

व्यवसायाने वकील आहे; क्रीडा संघटनांची काही प्रकरणे हाताळली आहेत. धागाकर्त्यांच्या फाइलीत चार 'राष्ट्रीय' संघटना कुठून आल्या, याचे उत्तर फार नीरस आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये सात माणसे एकत्र आली, त्यांनी घटना आणि नियमावली लिहून सह्या केल्या, की संस्था नोंदता येते. महाराष्ट्रात तिची नोंद पुढे १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही होते. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. परंतु लेटरहेडवर 'शासनमान्य नोंदणी क्रमांक' असे छापले की पालकांना दोन्ही एकच वाटतात, आणि हा गैरसमज दूर करण्यात कोणाचेच हित नसते.

माझे इथले नाव ज्या कलमावरून घेतले आहे, ते न्यास कायद्याचे कलम २२ क्रीडा संघटनांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज दाखल करावा लागतो. फूट पडली की दोन्ही गट आपापली सभा घेतात, आपापली कार्यकारिणी निवडतात आणि आपापला बदल अर्ज दाखल करतात. मग हरकती, जबाब, उलटतपासणी. नोंदवहीतील इतिवृत्तावरच्या सह्या खऱ्या की खोट्या, यावर एकेक तारीख जाते. अर्ज निकाली निघेपर्यंत जिल्हा स्पर्धेतील चौदा वर्षांखालील मुले एकोणीस वर्षांखालील गटातूनही बाहेर पडलेली असतात. मी अतिशयोक्ती करत नाही.

वरच्या पातळीवर एक चक्र आहे. जागतिक महासंघ बघतो की देशाच्या ऑलिम्पिक समितीची किंवा सर्वोच्च क्रीडा यंत्रणेची मान्यता कोणाला आहे. देशातील यंत्रणा बघते की जागतिक महासंघाची संलग्नता कोणाला आहे. सगळे सुरळीत असताना या दोन अटी एकमेकींना आधार देतात. एक तुटली की दुसरीही डळमळते आणि पुन्हा सुरुवात कोणी करायची, हे ठरत नाही.

तिरंदाजीत हेच झाले होते. दोन समांतर गटांमुळे जागतिक संघटनेने ऑगस्ट २०१९ मध्ये भारतीय संघटनेला निलंबित केले, आणि त्या नोव्हेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपले तिरंदाज तिरंग्याऐवजी जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली खेळले. जानेवारी २०२० मध्ये सर्वांना मान्य अशी निवडणूक झाली आणि निलंबन उठले. म्हणजे इच्छा असेल तर काही महिन्यांत प्रश्न सुटतो.

आता राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ आला आहे. राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट २०२५ मधील. २०११ ची क्रीडा संहिता ही सरकारची सूचना होती. तिच्यातील वयाची आणि कार्यकाळाची बंधने न्यायालयांच्या बळावर राबवावी लागत. या कायद्याने मान्यतेसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वादांसाठी क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुकांवर देखरेखीसाठी निवडणूक पॅनेल अशी तीन अंगे दिली आहेत. न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. कराटेसारख्या खेळाला यातील न्यायाधिकरण सर्वांत उपयोगी पडेल असे मला वाटते, कारण आजवर एकच वाद चार राज्यांतील दिवाणी न्यायालयांत एकाच वेळी चालू असे आणि चारही ठिकाणचे मनाई हुकूम एकमेकांना छेद देत.

लाल_माती

विषयांतर नको म्हणून दोनच ओळी. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या, एक धाराशिवला आणि एक पुण्याजवळ फुलगावला, आणि एकाच महिन्यात महाराष्ट्राला दोन केसरी मिळाले. कुस्तीला ज्या गावांत देवाचे स्थान आहे तिथे ही गत, तर कराटेचे काय घेऊन बसलात? गदा दोन असल्या तरी पैलवान आपापल्या जागी खरे होते, हेही नोंदवतो.

डोजोमास्तर_सातारारोड

वरचे सर्व प्रतिसाद वाचले. विद्वत्ता मोठी आहे, पण क्लास चालवणाऱ्याची बाजू कोणीच मांडलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी बावीस वर्षे क्लास घेतो. महापालिकेच्या शाळेचा हॉल संध्याकाळी दोन तास भाड्याने मिळतो. मॅट माझ्या स्कूटरवरून येतात. एका फेरीत सहा तुकडे मावतात, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी चार फेऱ्या होतात. महिन्याच्या फीतून भाडे आणि विजेचे पैसे निघतात, घर निघत नाही. घर निघते ते तीन-चार महिन्यांनी होणाऱ्या बेल्ट परीक्षेतून. जुना_ब्राउनबेल्ट यांनी 'प्रमाणपत्र विकणे' असा शब्द वापरला आहे. तो मला लागला, पण खोटा म्हणणार नाही. फक्त हे पाहावे की आम्हाला विकणारेही वर बसलेले आहेत. पिवळ्या पट्ट्याच्या प्रत्येक मुलामागे राज्याच्या संघटनेला हिस्सा, ब्लॅक बेल्टसाठी त्याहून मोठा हिस्सा, वर्षाची संलग्नता फी वेगळी. बदल्यात काय मिळते? एक होलोग्राम लावलेला कागद. मी ज्या संघटनेत पूर्वी होतो, तिचा एकही पदाधिकारी बावीस वर्षांत माझ्या हॉलच्या पायरीवर आलेला नाही. मी फुटून दुसरीकडे गेलो तो तत्त्वासाठी नव्हे. तिकडे हिस्सा कमी होता.

उद्या एकच संघटना झाली तर तिचा हिस्सा कोण ठरवणार? आज दर परवडला नाही तर मी दुसऱ्या दारात जाऊ शकतो. एक दार उरले की आमच्यासारख्यांची मान त्या दारात अडकली म्हणून समजा. राष्ट्रीय खेळ, तिरंगा, ऑलिम्पिक हे सर्व मान्य आहे. पण माझ्या शंभर मुलांपैकी पंचाण्णव मुले कधीच राज्य स्पर्धेलाही जाणार नाहीत. ती येतात ती अंगात थोडा ताठपणा यावा म्हणून. त्यांचा पट्टा राष्ट्रीय महासंघाने का द्यावा?

जुना_ब्राउनबेल्ट (धागाकर्ता)

डोजोमास्तर, शब्द लागला याबद्दल दिलगीर आहे. तो आपल्यासाठी नव्हता. परंतु आपल्या प्रतिसादाने माझा मुद्दा मला स्वतःलाच अधिक नीट समजला, हे मान्य करतो.

आपण म्हणता ती पंचाण्णव मुले आणि योकोहामाकरांनी सांगितलेली भिंतीवरची दोन प्रमाणपत्रे, ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. पट्टा हा गुरू-शिष्यांमधला व्यवहार आहे. तो कोणत्या रंगाचा, किती महिन्यांनी आणि किती रुपयांत द्यायचा, यात राष्ट्रीय संस्थेने पडण्याचे कारण नाही; उलट पट्ट्यांचा पैसा वर जाऊ लागला की वरच्या खुर्चीची किंमत वाढते आणि खुर्ची महाग झाली की निवडणूक कोर्टात जाते. राष्ट्रीय संस्थेकडे मोजक्या गोष्टी असाव्यात. स्पर्धेचे नियम आणि पंचांची परीक्षा, खेळाडूंची एकच नोंदवही, आणि जिल्ह्यापासून देशापर्यंत निवड चाचणीची एकच शिडी. तिचे उत्पन्न खेळाडूंच्या वार्षिक नोंदणीतून आणि स्पर्धांतून यावे. हिस्सा नसेल तर निम्म्या फुटीर संघटनांना फुटण्याचे कारणच उरणार नाही असा माझा अंदाज आहे.

जागतिक पातळीवरही एकीकरण असेच अर्धवट झाले आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या जागतिक संघटनेला ऑलिम्पिक समितीने १९८५ मध्ये मान्यता दिली, मग निशियामा हिदेताका यांच्या पारंपरिक कराटे महासंघाशी तिचे विलीनीकरण व्हावे म्हणून वर्षानुवर्षे खटाटोप झाला, आणि तो फसला. शेवटी १९९९ मध्ये आजच्या महासंघाला मान्यता मिळाली आणि पारंपरिकवाले बाहेरच राहिले. ऑलिम्पिकचे दार उघडायला पुढे २०२१ उजाडले आणि लगेच मिटलेही. पॅरिसच्या यजमानांनी कराटे टोकियोच्या आधीच वगळले होते, आणि मग फ्रान्सच्याच स्टीव्हन दा कोस्ताने टोकियोत ६७ किलो गटात सुवर्ण जिंकले. लॉस एंजेलिसच्या यादीतही ते नाही. म्हणजे ज्या ऑलिम्पिकच्या नावाने आपण येथे एकमेकांच्या संघटना अवैध ठरवत आहोत, ते तूर्तास कराटेपुरते अस्तित्वातच नाही. आशियाई स्पर्धा मात्र आहे. १९९४ च्या हिरोशिमापासून तिथे कराटे आहे आणि आपला खरा पल्लाही तोच आहे.

पंच_कोपरा

एक भर. पंचांची परीक्षा एकच असावी, हा मुद्दा आपण ओझरता लिहिला. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फुटीर स्पर्धांत पंच हे बहुधा सहभागी क्लासचेच शिक्षक असतात. आपल्या मुलाच्या सामन्यातून उठून जावे हा संकेत आहे, पण पंचच कमी असतील तर उठणार कोण? पोटावरच्या लाथेला दोनाऐवजी तीन गुणांसाठी वर गेलेला झेंडा मी पाहिला आहे, आणि झेंडा धरणाऱ्या हाताचे आडनाव खेळाडूच्या आडनावाशी जुळत होते.

गार्गीची_आई

सर्वांचे आभार, पुष्कळ कळले. एक व्यावहारिक प्रश्न आहे. मुलगी बारा वर्षांची आहे. क्लासच्या ग्रुपवर पुढच्या महिन्यातल्या 'ऑल इंडिया ओपन'ची सूचना आली आहे. प्रवेश फी, प्रवास आणि राहणे धरून रक्कम मोठी होते. भरायची की नाही, हे कोणत्या कागदावरून ठरवावे?

कलम_बाविसावे

ताई, आयोजकांकडे नोंदणी क्रमांक मागू नका, तो सर्वांकडे असतो. चालू वर्षाचे संलग्नता पत्र मागा आणि ते कोणी दिले आहे ते पाहा : राज्य संघटनेला राष्ट्रीय संस्थेने आणि राष्ट्रीय संस्थेला जागतिक महासंघाने. जागतिक महासंघाच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशाच्या सदस्य संस्थेचे नाव दिलेले असते. शिवाय जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शालेय क्रीडा स्पर्धांची तारीख विचारून या. त्या मालिकेत चौदा वर्षांखालचा गट असतो आणि तिथे संघटनांच्या भांडणाची झळ त्या मानाने कमी पोहोचते. 'ओपन' स्पर्धेला अनुभवासाठी जायला काहीच हरकत नाही, मात्र तिथल्या पदकाचा पुढे कागदोपत्री उपयोग होईल असे धरून पैसे भरू नका.

डोजोमास्तर_सातारारोड

हिस्सा न घेणारी राष्ट्रीय संस्था असेल तर माझा विरोध नाही, असे लिहून ठेवतो. अशी संस्था मला माझ्या हयातीत दिसेल का, ही शंका तेवढी राहू द्या.

गार्गीच्या आईंचा प्रश्न वाचून मी काल माझी स्वतःची प्रमाणपत्रे पुन्हा पाहिली. आमच्या बेल्ट परीक्षेच्या कागदावरही वरच्या ओळीत 'राष्ट्रीय' हा शब्द आहे. छापखानेवाल्याने नमुन्यात घातला होता आणि चांगला दिसतो म्हणून मीही राहू दिला होता. डिसेंबरच्या परीक्षेपासून तिथे फक्त क्लासचे नाव आणि माझी सही राहील. जुने दीडशे कागद शिल्लक आहेत. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मुलांची हजेरी मांडायला सुरुवात केली आहे.